मंदी, भूक आणि बेस्टसेलर : १९३०च्या दशकात अमेरिका काय वाचत होती?

रद्दीवाला

मंडळी, "दिवस वाईट आले की लोक हलकंफुलकं वाचतात" असं परवा एका गप्पांत पुन्हा ऐकलं. मला हे कधीच पटलेलं नाही. वाद घालायचाच तर मोठं उदाहरण घेऊ, अमेरिकेतली महामंदी. ऑक्टोबर १९२९ला शेअरबाजार कोसळला. १९३३ उजाडेपर्यंत हजारो बँका बुडाल्या होत्या आणि दर चार कामकऱ्यांमागे एक जण बेकार होता. तेव्हा तिथे सगळ्यात जास्त खपलेल्या कादंबऱ्या कोणत्या?

१९३१ आणि १९३२, लागोपाठ दोन वर्षं, पर्ल बकची 'द गुड अर्थ'. चीनमधला शेतकरी, दुष्काळ, उपासमार. १९३३-३४ला हर्वी ॲलनची 'अँथनी ॲडव्हर्स', बाराशे पानांवरची साहसकथा. ही मात्र निखळ करमणूक, मान्य. १९३५ला लॉइड डग्लसची 'ग्रीन लाइट', धीर देणारी आणि बरीचशी प्रवचनी. १९३६-३७ला मार्गारेट मिचेलची 'गॉन विथ द विंड', जिच्या मध्यावर नायिका रिकाम्या पोटी माती उकरते आहे. १९३८ला मार्जोरी रॉलिंग्जची 'द यर्लिंग', त्यात पोराने जीव लावलेलं हरीण घरचा मका खाऊन टाकतं आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते. आणि १९३९ला स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ', जमिनीवरून हुसकावलेल्या शेतकरी कुटुंबाची गोष्ट, तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

म्हणजे नऊ वर्षांत निम्म्याहून जास्त वेळा भूकच पहिल्या नंबरावर. मग ती पळवाट कुठाय? तुमचं म्हणणं लिहा. यातलं काही वाचलं असेल तर कुठल्या दिवसांत वाचलंत तेही सांगा.

मीठमिरची

पहिली मी! वाचनखूण साठवली आहे. पोळ्या आटपून येते.

अनुस्वार

धागा उत्तम, निष्कर्ष घाईचा. तुमची यादी पुस्तकांच्या दुकानांतली आहे. पळवाट दुकानात नव्हती, ती नाक्यावरच्या स्टॉलवर होती. दहा-वीस सेंटांची स्वस्त कागदावरची मासिकं, 'ब्लॅक मास्क', 'द शॅडो', 'डॉक सॅव्हेज'. डॅशिएल हॅमेटची 'द माल्टीज फाल्कन' आधी 'ब्लॅक मास्क'मध्ये क्रमशः आली आणि १९३०ला पुस्तक झाली. अर्ल स्टॅन्ली गार्डनरही त्याच कारखान्यातला माल, त्याचा वकील-नायक पेरी मेसन १९३३ला जन्मला. एका कॉमिकच्या जून १९३८च्या अंकात सुपरमॅन आला, तोही दहाच सेंटांत. हे सगळं मोजलंत तर पारडं फिरतं की नाही बघा.

तांबडा_पांढरा

बाराशे पानांची कादंबरी मंदीत खपली म्हणजे लोकांनी वजनावर घेतली असणार. रद्दीवाल्यांना यातलं जास्त कळेल 😄

गणिताचा_मास्तर

गमतीत म्हणालात, पण हिशेब करण्याजोगा आहे. 'गॉन विथ द विंड'ची किंमत होती ३ डॉलर. अमेरिकेत देशभर किमान वेतनाचा कायदा आला १९३८ला आणि त्यात सुरुवातीचा दर ठरला तासाला २५ सेंट. म्हणजे किमान वेतनावरच्या माणसाने ही कादंबरी विकत घ्यायची तर बारा तासांची मजुरी. दीड दिवसाचं पोट. आणि हा कायदा शेतमजुरांना लागूच नव्हता, त्यांची कमाई तर त्याहून कमी.

तेव्हा रद्दीवाले, तुमच्या यादीतली पुस्तकं उपाशी माणसाने विकत घेतलेली नाहीत. ज्याची नोकरी टिकली होती आणि जी जाईल म्हणून रात्री झोप लागत नव्हती, त्या माणसाने घेतली.

अजून एक आकडा. १९३९ला 'पॉकेट बुक्स' निघाली, कागदी बांधणीची, खिशात मावणारी. किंमत २५ सेंट. एक तासाची मजुरी. पहिल्या दहा पुस्तकांत पहिला नंबर जेम्स हिल्टनच्या 'लॉस्ट होरायझन'चा होता. हिमालयापलीकडची गुप्त दरी, जिथे माणसं म्हातारी होत नाहीत आणि कुणाला भाडं भरावं लागत नाही. पुस्तक स्वस्त झालं तेव्हा पहिली उडी पळवाटेनेच मारली, एवढं नोंदवून ठेवा.

रद्दीवाला

मास्तर, हिशेब बिनतोड आहे. पण विकत घेणं आणि वाचणं एक नव्हे. सार्वजनिक ग्रंथालयांत त्या वर्षांत गर्दी वाढली आणि त्याच वेळी त्यांचं अनुदान कापलं गेलं. औषधांच्या दुकानांतसुद्धा पुस्तकांचं कपाट असे, दिवसाला दोन-तीन सेंट भाड्याने. आपल्याकडे चाळीच्या तोंडाशी लायब्ररीवाला बसायचा, तसलाच प्रकार. तिथेही हीच जाडजूड पुस्तकं फिरत होती.

जुनीवही

मी 'द गुड अर्थ' कॉलेजात असताना वाचली, त्यानंतर पुन्हा पन्नाशीला. दोन्ही वेळा पुस्तक वेगळं होतं.

पहिल्यांदा दुष्काळच लक्षात राहिला. शेतकरी वांग लुंगला बैल मारवत नाही, तो आत जाऊन पडतो आणि त्याची बायको ओ-लान सुरी घेऊन बाहेर जाते. पुढे बैलही संपतो आणि ती माणसं शेतातली माती पाण्यात कालवून पोरांना पाजतात. मग दक्षिणेच्या शहरात जातात. तो रिक्षा ओढतो, बायको-पोरं भीक मागतात. दंगलीत श्रीमंताचा वाडा लुटला जातो, तेव्हा ओ-लानला भिंतीतल्या सैल विटेमागे जवाहीर सापडतं, कारण मोठ्या घरात दासी म्हणून राबलेल्या बाईला श्रीमंत लोक कुठे काय लपवतात ते माहीत असतं. त्या जवाहिरातून जमीन येते. ती स्वतःसाठी फक्त दोन मोती मागून घेते. घालायला नाही, नुसते जवळ ठेवायला.

दुसऱ्या वाचनात मी या मोत्यांपाशीच अडकले. पैसा आल्यावर वांग लुंग चहाघरातल्या कमलिनीच्या नादी लागतो आणि एक दिवस तळ्यावर कपडे धूत असलेल्या बायकोकडे ते मोती मागतो. ती ओल्या हाताने छातीशी ठेवलेली पुरचुंडी काढून देते आणि पुन्हा कपडे बडवू लागते. १९३१ सालच्या किती अमेरिकन बायकांनी नवऱ्याचं कर्ज फेडायला अंगावरचं काढून दिलं असेल! त्यांना ही बाई चिनी वाटलीच नसणार.

मीठमिरची

जुनीवही ताई, पोळी करपली माझी. 🙏

इडिसनकर

जुनीवही यांनी ओ-लानचं सांगितलं, मी स्कार्लेटचं सांगतो. 'गॉन विथ द विंड' म्हटलं की सगळ्यांना ऱ्हेट बटलरच्या मिशा आठवतात. कथेचा कणा मात्र जमिनीवरच्या कराचा आहे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलंय, टारावर, म्हणजे स्कार्लेटच्या घरच्या मळ्यावर, ३०० डॉलर कर बसवलाय आणि तो भरला नाही तर जमीन लिलावात जाणार. घरात दिडकी नाही. स्कार्लेट आईचे हिरवे मखमली पडदे उतरवून त्यांचा झगा शिवते आणि आपण अगदी मजेत आहोत असं दाखवत तुरुंगातल्या ऱ्हेटकडे पैसे मागायला अटलांटाला जाते. तो तिच्या हातांवरचे घट्टे बघतो आणि सोंग उघडं पडतं.

आता हे १९३६ला कोण वाचतंय? ज्यांच्या आजूबाजूची घरं आणि शेतं कराच्या, गहाणाच्या थकबाकीत जप्त होत होती ते. जूनमध्ये पुस्तक आलं आणि वर्ष संपायच्या आत दहा लाख प्रती गेल्या. प्रेमकथा म्हणून गेल्या असं म्हणणारे म्हणोत.

भटकभवानी

इडिसनकर, मुद्दा पटला, पण एक गोष्ट धाग्यात कुणीच बोललं नाहीये म्हणून बोलते. ती जमीन कसत कोण होतं? टाराचं सगळं वैभव गुलामांच्या घामावरचं आहे आणि कादंबरीत ते गुलाम मालकिणीवर जीव टाकणारे. गुलामी संपली याचं दुःख करणारं पुस्तक आहे ते. स्कार्लेटच्या भुकेवर हळहळणाऱ्या वाचकाला तिच्याच शेतावरच्या माणसांची भूक दिसत नाही. १९३६ला काळ्या अमेरिकन कामगारांमधली बेकारी गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती, त्यांना हे पुस्तक काय वाटलं असेल?

त्यांची कादंबरी यायला १९४० उजाडलं. रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन'. शिकागोतली झोपडपट्टी, एका खोलीत चौघं आणि पहिल्याच प्रसंगात तव्याने उंदीर मारणं. तीही तडाखेबंद खपली.

अनुस्वार

+१. आणि राइटच्या त्या काळातल्या रोजीरोटीला सरकारचा हात होता. रूझवेल्ट सरकारने १९३५ला बेकार लेखकांसाठी 'फेडरल रायटर्स प्रोजेक्ट' काढला. काम काय, तर प्रत्येक राज्याचं मार्गदर्शक पुस्तक लिहायचं, जुन्या लोकांच्या आठवणी नोंदवायच्या. रस्ते खणायला माणसं लावली तशी वाक्यं खणायला लावली. राइट, राल्फ एलिसन, झोरा नील हर्स्टन, सॉल बेलो हे सगळे त्या पगारावर होते. पूर्वी गुलाम असलेल्या दोन हजारांहून जास्त म्हाताऱ्यांच्या मुलाखती त्यातच झाल्या. माझ्या मते मंदीतलं सगळ्यात मोलाचं लेखन ते आहे आणि ते कुठल्याही खपाच्या यादीत नाही.

तांबडा_पांढरा

लेखकांची रोजगार हमी! आपल्याकडं काढली तर हजेरीपटावर अख्खं संस्थळ येईल.

दुसरीपाळी

मी एरवी वाचनमात्र असतो. या धाग्यावर राहवलं नाही.

वडील लालबागला गिरणीत होते. १९८२च्या जानेवारीत संप झाला तेव्हा मी सातवीत. घरात पहिल्यांदा दूध बंद झालं, मग वर्तमानपत्र. लायब्ररी मात्र सुरू राहिली, कारण लायब्ररीवाला आमच्याच चाळीतला. तो वर्गणी वहीत मांडून ठेवायचा आणि "गिरणी सुरू झाली की बघू" म्हणायचा.

वडील काय वाचायचे? बाबूराव अर्नाळकर. झुंजार आणि काळापहाड. दुपारी एक आणि रात्री दिव्याखाली एक. कामगारांवरचं, अन्यायावरचं काहीही आणून दिलं तर तसंच परत पाठवायचे. एकदा शेजारच्या काकांनी आग्रहाने एक अशीच कादंबरी दिली. वडिलांनी चार पानं चाळली आणि म्हणाले, "हे मला कशाला सांगतोय? मीच याला सांगीन."

तेव्हा रद्दीवाले, माझं मत अनुस्वार यांच्या पारड्यात.

रद्दीवाला

दुसरीपाळी, तुमच्या वडिलांचं ते वाक्य या धाग्यातलं सगळ्यात भारी. त्यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. लिहिते राहा.

शेवटचं_पान

स्टाइनबेकवर अजून कुणी आलं नाही, मीच येते.

'ग्रेप्स ऑफ रॉथ'चं नाव काढलं की लोक धूळ, ट्रॅक्टर आणि जोड कुटुंबाची कॅलिफोर्नियाची वाट सांगतात. मला त्यातलं पंधरावं प्रकरण सगळ्यात आवडतं, ज्यात जोड कुटुंब जवळपास नाहीच. हमरस्त्यावरचं खानावळवजा हॉटेल, मे नावाची वेट्रेस, आत स्वयंपाकी अल. एक फाटका माणूस दोन पोरांना घेऊन येतो आणि दहा सेंटांचा पाव मागतो. मे म्हणते पाव पंधरा सेंटांचा आहे आणि तो सँडविचला लागतो, विकायचा नाही. आतून अल खेकसतो, दे त्यांना पाव. माणूस दहा सेंट मोजताना बटव्यातून एक सेंटचं नाणंही बाहेर येतं. तो परत ठेवणार तेवढ्यात त्याला दिसतं की पोरं काचेतल्या पट्ट्यापट्ट्यांच्या गोळ्यांकडे बघत उभी आहेत. या सेंटला एक का, असं तो विचारतो. मे सांगते, सेंटला दोन.

ते गेल्यावर बाकावरचा ट्रकवाला म्हणतो, त्या काही सेंटला दोन नव्हत्या. त्या पाच-पाच सेंटांच्या होत्या. मे फिस्कारते, तुला काय करायचंय? ट्रकवाले उठतात आणि बिलापेक्षा कितीतरी जास्त पैसे ठेवून जातात.

दया दाखवणारी प्रत्येक व्यक्ती इथे खेकसून बोलते, म्हणून प्रकरण गोग्गोड होत नाही. आणि शेवट तर काय, जोडांची लेक रोझ ऑफ शॅरन त्या...

मीठमिरची

थांब थांब थांब! मी अजून वाचलेलं नाही!!

गणिताचा_मास्तर

१९३९चं पुस्तक आहे, ताई. रहस्यभेदाची मुदत संपली.

वऱ्हाडी_ठेचा

पंचविसावं प्रकरणही सांगा ना भाऊ. संत्र्यांच्या ढिगावर रॉकेल ओततात, भाव पडू नये म्हणून. बटाटे नदीत फेकतात आणि कुणी काढू नये म्हणून काठावर पहारेकरी उभे. मी अमरावतीकडचा. भाव पडला की आमच्या इकडे संत्री रस्त्याच्या कडेला ओतलेली लहानपणापासून पाहत आलो. तोडणी आणि गाडीभाडंच निघत नाही तर नेऊन करता काय? कॉलेजात हे प्रकरण वाचलं तेव्हा वाटलं, या माणसाला वरूड-मोर्शी कुणी दाखवली?

आणि ही काही कादंबरीकाराची कल्पना नव्हती. १९३३ला अमेरिकन सरकारनेच भाव चढावे म्हणून शेतकऱ्यांना पैसे देऊन साठेक लाख डुकराची पिल्लं मारवली आणि सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकायला लावला. अंगावर धड कपडा नसलेल्या लोकांच्या देशात उभा कापूस. आमच्या बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "पैसे देऊन नांगरला ना? मग ते सरकार बरं."

अनुस्वार

स्टाइनबेकच्या कौतुकात एक बाई राहून जाते. सनोरा बॅब. ती स्वतः ओक्लाहोमा-कोलोरॅडोच्या कोरडवाहू भागात वाढलेली. १९३८ला कॅलिफोर्नियात विस्थापितांच्या सरकारी छावण्यांत काम करत होती आणि रोज टिपणं काढत होती. तिचा वरिष्ठ टॉम कॉलिन्स. स्टाइनबेकने पुस्तक ज्या दोघांना अर्पण केलं त्यातला 'टॉम' तोच. कॉलिन्सने तिची टिपणं स्टाइनबेकला दिली. बॅबची कादंबरी 'हूज नेम्स आर अननोन' रँडम हाउसने घ्यायचं ठरवलं होतं, पण १९३९ला 'ग्रेप्स' आली आणि धडाक्यात खपली. मग प्रकाशक म्हणाले, एकाच विषयावर दोन पुस्तकं बाजार पेलणार नाही. ती कादंबरी छापली गेली २००४ला. पुढच्याच वर्षी बाई गेल्या.

खपाची यादी वाचताना कोण आत आलं यासोबत दार कुणाच्या तोंडावर बंद झालं तेही बघावं.

शेवटचं_पान

हे माहीत नव्हतं. चीड आली. पण स्टाइनबेकलाही सुखाने खपू दिलं नाही. ज्या कर्न काउंटीत जोड कुटुंब पोचतं, तिथल्या काउंटी मंडळाने ऑगस्ट १९३९मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी पुस्तक ग्रंथालयांतून आणि शाळांतून काढलं. ग्रंथपाल बाईंनी लेखी निषेध केला आणि हुकूम पाळावा लागला. बंदी उठली १९४१ला.

मीठमिरची

सगळं वाचलं (शेवट सोडून). एक बाळबोध प्रश्न. त्या वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? मंदी इथेही आली होती ना?

जुनीवही

आली होती तर. शेतमालाचे भाव निम्म्यावर आले, सारा आणि सावकाराचं व्याज तेवढंच राहिलं. सप्टेंबर १९३१ला ब्रिटनने सुवर्णमान (पौंडाची सोन्याशी घातलेली गाठ) सोडला, सोन्याचा भाव चढला आणि कर्जात बुडालेल्या घरांतलं सोनं बाहेर पडलं. ते मुंबई बंदरातून बोटीने विलायतेला गेलं. माझी आजी तिच्या सासूच्या पाटल्या "त्या मंदीत गेल्या" असं म्हणायची. आम्हाला वाटायचं मंदी नावाची कुणी बाई होती.

वाचायला काय होतं? फडके होते, त्यांची 'दौलत' १९२९ची. टेनिस, मोटारी, सुंदर माणसं. दुसऱ्या टोकाला शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी करणारे खांडेकर. १९३४ला त्यांची 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' आल्या, गरीब-श्रीमंतातलं अंतर हाच 'दोन ध्रुव'चा विषय. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने १९३३ला असा हलकल्लोळ केला की या टोपणनावामागे कोण हेच लोक शोधत बसले. त्या कथांतल्या मुलींच्या पगारावर घर चालतं म्हणून बाप त्यांचं लग्न लांबवतात. हे मंदीचं साहित्य आहे, फक्त तसं कुणी म्हणत नाही.

तांबडा_पांढरा

"मंदी नावाची बाई" 😂 जुनीवही आजी, दंडवत.

जुनीवही

आजी कोण रे? ताई म्हण.

कुंपणावरचा

सगळे कादंबऱ्यांत रमलेत. त्या दशकातला आजही खपणारा माल विसरलात. डेल कार्नेगी, १९३६, 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल'. नेपोलियन हिल, १९३७, 'थिंक अँड ग्रो रिच'. त्याआधी वॉल्टर पिट्किनचं 'लाइफ बिगिन्स ॲट फॉर्टी', चाळिशीत नोकरी गेलेल्यांसाठी अगदी वेळेवर. मराठीत यांचे अनुवाद अजून एस्टी स्टँडवर मिळतात, शेजारी मनाचे श्लोक आणि साबुदाणा वड्यासह शंभर उपवासाचे पदार्थ.

माझं मत स्पष्ट आहे. व्यवस्था कोसळली असताना "तू हसून बोलत नाहीस म्हणून तुझं अडलंय" असं सांगणारं पुस्तक हीच खरी पळवाट. काळापहाड त्यापेक्षा प्रामाणिक.

इडिसनकर

कुंपणावरचा, थोडं हळू. २००९ला माझी नोकरी गेली तेव्हा मी रोज सकाळी डबा घेऊन इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात जायचो. घरी बसलो तर सोसायटीत कळेल ही भीती, दुसरं काही नाही. अर्ज भरायला संगणक फुकट, उन्हाळ्यात गारवा फुकट. तिथेच कार्नेगी वाचला. समोरच्याचं नाव लक्षात ठेवा, त्याला बोलू द्या, वाद जिंकायला जाऊ नका. थोर काही नाही, पण मुलाखतीला जाताना हातात धरायला काहीतरी लागतं. ते झालं की दुपारी वुडहाउस. मंदीवरचं एकही पुस्तक मी तेव्हा उघडलं नाही. 'ग्रेप्स' वाचली ती नोकरी लागल्यावर, घराचे हप्ते पुन्हा सुरळीत झाल्यावर.

भटकभवानी

जर्मनीतलं एक उदाहरण देते, ते रद्दीवाल्यांच्या बाजूचं आहे. हान्स फालाडाची 'क्लाइनर मान, वास नून?', म्हणजे 'छोट्या माणसा, आता काय?'. १९३२, जर्मनीत बेकारी साठ लाखांच्या घरात. पिन्नेबेर्ग हा बर्लिनमधल्या कपड्यांच्या दुकानातला विक्रेता, महिन्याला इतकी विक्री झालीच पाहिजे या धाकात जगणारा. बर्लिनमधला पहिला पगार मिळाल्यावर तो त्यातली बरीच रक्कम बायकोसाठी एका आरशाच्या टेबलावर उडवतो. ठेवायला धड जागा नाही, भाडं थकणार, आणि हा पठ्ठ्या टेबल घेऊन येतो. तो काय विचार करत होता ते जर्मनीत तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पुस्तक तुफान चाललं, भराभर भाषांतरं झाली, १९३४ला हॉलिवुडने सिनेमाही काढला.

इथे लांबचा देश नाही, जुना काळ नाही. कालचा पगार आणि उद्याचं भाडं.

शेवटचं_पान

भटकभवानीने 'लांबचा देश' म्हटलं आणि माझ्या डोक्यात घोळत होतं ते जुळलं. रद्दीवाल्यांची यादी पुन्हा वाचा. भूक आहे, पण कुठली? 'गुड अर्थ'ची चीनमधली. 'गॉन विथ द विंड'ची सत्तर वर्षांपूर्वीची. 'द यर्लिंग'ची फ्लोरिडाच्या रानातली, तीही एकोणिसाव्या शतकातली. लॉरा इंगल्स वाइल्डरचंही तेच. या बाईंची गुंतवणूक १९२९च्या पडझडीत बुडाली, साठी उलटल्यावर त्या बालपण लिहायला बसल्या आणि १९३२ला 'लिटल हाउस इन द बिग वूड्स' आलं. पानोपानी खाणं. डुकराचं मांस धुरवणं, मेपलचा पाक बर्फावर ओतणं, माळ्यावर रचलेले भोपळे. पण सगळं साठ वर्षांपूर्वीचं.

स्वतःच्या दारातली, आजची भूक पहिल्या नंबरावर आली थेट १९३९ला, सगळ्यात वाईट वर्षं मागे पडल्यावर. इडिसनकरांनीही नोकरी लागल्यावरच वाचली. दुसरीपाळींच्या वडिलांना ती नकोच होती. लोकांना भूक वाचायची होती, पण हातभर लांबून.

रद्दीवाला

वा! हे मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं असं वाटण्याइतकं चांगलं आहे. तरी पूर्ण पटलं नाही. अर्स्किन कॉल्डवेलच्या 'टोबॅको रोड'चं काय? जॉर्जियातले कंगाल वाटेकरी, अगदी त्याच घडीचे. पुस्तक १९३२चं. त्यावरचं नाटक डिसेंबर १९३३ला ब्रॉडवेवर लागलं ते १९४१पर्यंत चाललं, तीन हजारांवर प्रयोग.

अनुस्वार

नाटक चाललं, पण प्रेक्षक हसत होते. सलगमच्या पोत्यावरून होणारी मारामारी न्यूयॉर्कच्या माणसाला विनोदी वाटली. तोही हातभर लांबूनच बघत होता. आणि अगदी जवळून बघणाऱ्यांचं काय झालं ते पाहा. जेम्स एजी आणि छायाचित्रकार वॉकर इव्हान्स १९३६ला अलाबामातल्या तीन वाटेकरी कुटुंबांत जाऊन राहिले. एजीने त्या घरांतली खिळ्याला अडकवलेली कपड्यांची चिंधीसुद्धा नोंदवली. पुस्तक निघाल्यावर जेमतेम सहाशे प्रती खपल्या.

रद्दीवाला

ते निघालं १९४१ला हो. तोवर वाचकांचं लक्ष युद्धाकडे. शिवाय एजीचं वाक्य दीड पान चालतं, त्याचा दोष भुकेला देऊ नका. फालाडाला उत्तर द्या आधी.

अनुस्वार

फालाडाची नायिका हसतमुख आहे. लेमखेन नसती तर पुस्तक खपलं असतं का सांगा.

भटकभवानी

लेमखेन आहे म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. ती डोळे मिटून हसत नाही, पै-पैचं अंदाजपत्रक मांडते आणि हसते. अंदाजपत्रक मूळ पुस्तकात छापलंय, लोणी किती, कोळसा किती, सिगारेटी किती. मास्तरांना आवडेल.

गणिताचा_मास्तर

पाठवा. पान क्रमांकासकट.

मीठमिरची

तुमचं चालू द्या. मी लेकीसाठी वाइल्डर बाईंचं 'द लाँग विंटर' आणलं. (१९४०चं आहे, शेवटचं_पान, तुझ्या सिद्धांतात बसव.) हिमवादळांमुळे आगगाडी बंद, कोळसा संपलेला, गावात पीठ नाही. वाळक्या गवताचे पिळे करकरून चुलीत घालतात आणि कॉफी दळायच्या छोट्या यंत्रात आळीपाळीने गहू दळतात, दिवसभर, एका पावापुरते. लेकीने काल रात्री आमच्या मिक्सरच्या भांड्यात मूठभर गहू टाकून बघितले. भरड निघाली, लापशी केली, ओटा अजून पुसतेय.

वऱ्हाडी_ठेचा

जातं घ्या ताई. आमच्याकडे पडलंय एक, खुंटा नाही त्याला.

तांबडा_पांढरा

धागा शंभरी गाठणार बहुतेक. मला एवढंच सांगा, 'अँथनी ॲडव्हर्स' इथे कुणी पूर्ण वाचलंय का? दोन वर्षं पहिल्या नंबरावर होतं म्हणता आणि इतक्या प्रतिसादांत त्यावर एक ओळ नाही.

जुनीवही

आमच्या ग्रंथालयात एक प्रत होती. दाराला आड म्हणून लावायचे.